१९७३ ची बुलेट, पासिंग झालेलं आहे, पण त्या पासिंगच्या भरवशावर घाट उतरायचा का?

मिरज_मेल:
मंडळी नमस्कार. बरेच दिवस इथं नुसतं वाचत होतो, आता गाडीच घेतली म्हटल्यावर तोंड उघडावं लागलं. १९७३ ची बुलेट ३५० घेतलीय, उजवीकडं गिअर, डावीकडं ब्रेक, सहा व्होल्टची लाइट, इंडिकेटर मुळातच नाहीत. आधीचे मालक वयस्कर, गाडी शेडमध्ये झाकून असायची, दसऱ्याला पूजा आणि अधनंमधनं शेतावर एक चक्कर, एवढंच चालणं असं ते म्हणाले. इंजिन पहिल्या दुसऱ्या किकला उठतं, ठोका एकदम गोल, धूर नाही. कागदाचं म्हणाल तर आरटीओत पासिंग होऊन आरसी २०२४ ला रिन्यू झालीय म्हणजे २०२९ पर्यंत बघायला नको, पीयूसी चालू, थर्ड पार्टी इन्शुरन्स चालू, नावावर करायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म पण भरून दिलेत.

आता मुद्दा असा की दिवाळीनंतर मी आणि मिसेस कराड, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटानं चिपळूणला जायचं म्हणतोय. वडील म्हणतात सरकारी माणसानं तपासून सही केलीय, आणखी कुणाचा दाखला पाहिजे तुला. मेहुणा म्हणतो कागद कागदाच्या जागी, गाडी गाडीच्या जागी. घरात रोज जेवताना हाच विषय. तर ज्यांनी १५ वर्षांवरच्या गाड्या पासिंगला नेल्यात त्यांनी सांगा, तिथं नक्की काय बघतात, आणि त्या पासवर किती विसंबायचं? वेगळ्या कुणाकडनं पैसे देऊन तपासून घ्यायची गरज आहे का, की मी उगीच शंका काढतोय?

ठोक्यात_ठोका:
भावा, पहिलं म्हणजे अभिनंदन, फोटो टाक. दुसरं म्हणजे पासिंगवर शून्य टक्के विसंब. माझ्या गाडीच्या वेळी (कुठलं ऑफिस ते विचारू नका) एजंट म्हणाला गाडी गेटच्या आत आणून उभी करा, साहेब येतील. साहेब आले, चेसीस नंबर बघितला, हॉर्न वाजवा म्हणाले, हेडलाइट लावा म्हणाले, झालं, पुढची गाडी. गाडी पुढं चालते का मागं चालते हे पण कुणी बघितलं नाही. मागच्या ब्रेकचा रॉड मी आदल्या रात्री तारेनं बांधला असता तरी पास झाली असती.

गॅरेज_कट्टा:
मिरज_मेल, तुमचा मेहुणा शहाणा आहे, त्याला चहा पाजा.

माझं गॅरेज आहे, जुन्या बुलेट, येझदी, राजदूत याच जास्त येतात, पासिंगला पण मीच घेऊन जातो गिऱ्हाइकाच्या. खाजगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर ५ वर्षांनी २५ नंबरचा फॉर्म, फी, पर्यावरण कर आणि गाडी समोर उभी करून तपासणी. ती तपासणी मुख्यतः ओळखपरेड आहे हे आधी डोक्यात घ्या. चेसीस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी जुळतो का, नंबर परत पंच केल्यासारखा दिसतो का, रंग तोच आहे का, मॉडेल तेच आहे का. ही गोष्ट ते बऱ्यापैकी नीट बघतात कारण चोरीच्या गाडीवर सही झाली तर त्यांच्या गळ्याशी येतं. त्यानंतर लाइट, ब्रेक लाइट, हॉर्न, आरसा, टायरची नक्षी, नंबर प्लेट. काही इन्स्पेक्टर चक्कर मारून बघतात, काही नाही बघत. आणि बुलेटवर चक्कर मारायची तर तुमच्यासारख्या डाव्या ब्रेकच्या गाडीवर मारणार कोण, आमच्याकडं एका तरुण साहेबांनी हौसेनं घेतली आणि थांबताना सवयीनं उजवा पाय दाबला, म्हणजे गिअरवर, गाडी निघाली कुंपणाकडं, सगळे एजंट बाजूला पळाले. तेव्हापासनं ते साहेब जुनी बुलेट दिसली की "चालवून दाखवा" एवढंच म्हणतात.

आता त्या दहा मिनिटांत काय दिसत नाही ते ऐका कारण तुम्ही घाट उतरणार आहात. ब्रेक ड्रमच्या आत असतो, चाक काढल्याशिवाय लायनर, म्हणजे ड्रमला घासणारी पट्टी, दिसत नाही. शेडमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीचा लायनर झिजलेला नसतो पण बऱ्याचदा शूपासनं, म्हणजे ती पट्टी ज्यावर बसवतात त्या तुकड्यापासनं, सुटायला आलेला असतो, चिकटवलेला लायनर जुना झाला की गोंद मरतो आणि ताकदीनं ब्रेक मारला की आख्खी पट्टी निघून ड्रममध्ये अडकते, चाक जागेवर लॉक. ऑफिसच्या आवारात ताशी वीसच्या वेगानं ब्रेक मारून हे कळणार नाही, तिथं गाडी थांबणारच. घाटात ड्रम तापल्यावर कळतं. बाहेरनं बघायची एक खूण सांगतो, पुढचा ब्रेक पूर्ण दाबून धरायला कुणालातरी सांगा आणि ड्रमवरच्या कॅमचा (कॅम म्हणजे आतले शू बाहेर ढकलतो तो) जो छोटा आर्म आहे ना त्याचा आणि ब्रेक वायरचा कोन बघा. काटकोन किंवा त्याच्या अलीकडं असेल तर ठीक. काटकोनाच्या पलीकडं जात असेल तर लायनर संपलाय, किंवा मागच्या एखाद्या मिस्त्रीनं नवीन शू टाकायच्या ऐवजी आर्म काढून एक दाता फिरवून बसवलाय. असं केलं की लिव्हर मस्त टाइट लागतो, चालवणाऱ्याला वाटतं ब्रेक भारी आहे, आणि आत कॅम उलटायच्या बेतात असतो. हे पासिंगला कोणी बघत नाही, दोष पण देत नाही मी, त्यांच्याकडं ना रॅम्प ना वेळ.

दुसरं टायर. नियमात टायरची नक्षी किमान ठरावीक खोल पाहिजे असं आहे, शेडमधल्या गाडीची नक्षी कोरी करकरीत असते म्हणून टायर पास. पण टायरच्या कडेला एका लांबट चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३१४ असेल तर २०१४ सालचा तेविसावा आठवडा. तो आकडा वाचा. रबर कडक होऊन दगड झालेलं असतं, नखानं दाबून बघा, आणि रिमजवळ बारीक भेगा बघा.

तिसरं कोनसेट म्हणजे हँडलचे बेअरिंग, मागचं चाक धरणाऱ्या स्विंग आर्मचे बुश आणि स्पोक. गाडी मेन स्टँडवर, पुढचं चाक अधांतरी, खालनं फोर्क धरून पुढं मागं हलवा, कट कट लागलं तर कोनसेट ढिला. मग हँडल एका बोटानं हळू डावीकडनं उजवीकडं न्या, मधोमध खाचेत बसल्यासारखं अडकलं तर बॉल रेसला खड्डे पडलेत, ती गाडी सरळ रस्त्यावर पण डुलते. मागचं चाक आडवं ढकला, बुश गेले असतील तर हाताला कळतं. स्पोकवर छोटा पाना हळूच वाजवत जा, ताठ स्पोक किणकिणतो, ढिला किंवा तुटायला आलेला ठस्स वाजतो. आणि मागच्या ब्रेक प्लेटला जे धरून ठेवतं त्याचा नट, स्प्लिट पिन हे सगळं जागेवर आहे का बघा, ती प्लेट सुटली की चाकाबरोबर फिरायला जाते आणि पुढचं सांगायला नको.

हे सगळं घरी करता येतं, पाने आणि एक शनिवार एवढंच लागतं. लायनर मात्र चाक काढूनच बघा, त्यात कंजूषी नको.

कोयनाकाठ:
गॅरेजवाल्या काकांचं पटलं पण वरच्या "शून्य टक्के" वाल्या भावाचं नाही पटलं. माझे मामा मोटार वाहन निरीक्षक होते, आता रिटायर. ते सांगायचे की दिवसाला जेवढ्या गाड्या समोर येतात त्यात एका मोटरसायकलला मिनिटं किती मिळणार, तरी पण नजर बसलेली असते. इन्स्पेक्टर लोकांना हेडस्टॉकवरचा, म्हणजे हँडलखाली चेसीसवरचा, नंबर बघून पंच फॅक्टरीचा आहे का हातानं मारलेला हे सांगता येतं. तुम्ही जी गाडी घेताय ती खरंच १९७३ ची बुलेट आहे, दोन गाड्या जोडून एक केलेली नाही, हे त्या तपासणीतनं बऱ्यापैकी कळतं आणि ही काही छोटी गोष्ट नाही, कारण आपल्या भागात जुन्या बुलेटला काय काय जोडलंय ते माहीत आहेच सगळ्यांना. पेट्रोल इंजिन काढून शेतीपंपाचं डिझेल इंजिन बसवलेल्या गाड्या मी स्वतः बघितल्यात, आरसीवर पेट्रोल आणि खाली टुक टुक डिझेल.

म्हणजे वडील पण पूर्ण चुकीचे नाहीत. सही आहे ती खरी आहे, फक्त ती कशाची आहे ते बघायचं. आणि अजून एक, सही २०२४ ची. त्या दिवशी ब्रेक ठणठणीत होता असं धरलं तरी त्यानंतर दोन पावसाळे गेले. ५ वर्षांची मुदत नोंदणीला आहे, ब्रेकच्या वायरला नाही.

ठोक्यात_ठोका:
बरं बाबा, शून्य नाही, दहा टक्के. खूश? 😀 पण मामांना विचार, चालवून न बघता सही केलेल्या किती.

कोयनाकाठ:
विचारलं असतं, पण जेवायला बोलावणं बंद होईल.

धूरविरहित:
पीयूसीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. प्रश्नात तीन कागद एका दमात सांगितलेत आणि त्यातला पीयूसी हा गाडी चांगली असल्याचा पुरावा अजिबात नाही. पीयूसीला गाडी न्यूट्रलमध्ये आयडलिंगवर ठेवून सायलेन्सरमध्ये नळी घालतात आणि कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, बास. ३१ मार्च २००० च्या आधीच्या टू व्हीलरला मर्यादा पण ढगळ आहे, सीओ ४.५ टक्के आणि एचसी ९००० पीपीएम, नंतरच्या फोर स्ट्रोकला ३.५ आणि ४५०० आहे, त्यामुळं जुनी बुलेट कार्बोरेटर जरा बरा असला तरी पास होते. वर आणखी गंमत म्हणजे सायलेन्सर आणि बेंड पाइपच्या जोडात हवा शिरत असेल तर बाहेरची हवा मिसळून आकडा कमीच येतो, म्हणजे सायलेन्सर फुटका असला तर गाडी जास्त स्वच्छ! काही जण एअर स्क्रू फिरवून आयडलिंग पातळ करतात, रीडिंग घेतात आणि घरी येऊन परत पहिल्यासारखं. पातळ मिक्श्चरवर तसंच चालवत राहिलात तर हेड तापतो, घाट चढताना पिस्टन धरायची शक्यता वाढते, त्यामुळं पीयूसीसाठी कुणी स्क्रू फिरवला असेल तर प्लग काढून रंग बघा, पांढराफटक असेल तर मिक्श्चर पातळ आहे, चॉकलेटी पाहिजे.

पण पीयूसी काढत मात्र राहा, दर ६ महिन्यांनी, दंड १०,००० पर्यंत जाऊ शकतो. विनोद करतोय म्हणून कुणी कागद काढायचा थांबवू नका.

आजोबांची_येझदी:
मिरज_मेल दादा, माझ्याकडे आजोबांची येझदी आहे, मी पण याच फेऱ्यातून गेलेय. तुम्ही व्हिंटेज नोंदणी का नाही करत? २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने नियम आणलेत, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपातली टू व्हीलर, फोर व्हीलर व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, त्यासाठी राज्याची समिती गाडी बघते. समितीतले लोक जुन्या गाड्यांतले जाणकार असणार ना, मग ती तपासणी जास्त भरवशाची नाही का?

कोयनाकाठ:
ताई, थांबा थांबा, त्यात मोठी मेख आहे. त्या नियमात गाडी रोज वापरायला परवानगी नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्यायला एवढ्यापुरतीच रस्त्यावर काढायची. मिसेसला मागं बसवून चिपळूणला मासे खायला जाणं यातल्या कशात बसवणार? नवीन नोंदणीची फी २०,००० आहे, मुदत १० वर्षं, त्यानंतर ५,०००. जिची नोंदणीच नाही अशा गाडीला व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, आधीपासनं नोंदलेली असेल तर जुना नंबर राहतो. आणि समिती बघणार ती गाडी मूळ रूपात आहे का, चेसीस, बॉडी, इंजिन यात मोठा फेरफार केलाय का. ओरिजिनल असणं आणि ब्रेक लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलट पूर्ण ओरिजिनल गाडीचेच ब्रेक जास्त संशयास्पद, लायनर पण ओरिजिनल असायचा 😀

तुमची नोंदणी चालू आहे ना दादा, ती चालूच ठेवा, चालवायची गाडी आहे ही. फक्त पुढच्या वेळी फी बघून दचकू नका, ऑगस्ट २०२५ पासनं २० वर्षांवरच्या मोटरसायकलच्या नूतनीकरणाला २,००० झालेत, आधी १,००० होते. एचएसआरपी म्हणजे नवी सरकारी सुरक्षा नंबर पाटी पण लावून टाका, ती नसली की आरटीओतली बाकीची कामं अडतात, हस्तांतरण त्यातच येतं.

आजोबांची_येझदी:
अरे देवा, बरं झालं सांगितलंत. मी तर अर्जच करायला निघाले होते. आमची येझदी रविवारी भाजी आणायला पण जाते.

ब्रममधला_बंड्या:
इकडून बर्मिंगहॅमहून लिहितोय. मूळचा इचलकरंजीचा, रॉयल एनफिल्ड जिथं बनायची ते रेडिच इथून जवळच, त्यामुळं बुलेटचा विषय निघाला की हात शिवशिवतो. इथली पद्धत ऐकून गंमत वाटेल. इथं दरवर्षी गाडीची एमओटी म्हणून तपासणी असते, पण २० मे २०१८ पासून ४० वर्षांवरच्या गाड्यांना ती सक्तीचीच नाही! आधी १९६० च्या आधीच्याच गाड्यांना सूट होती, आता दरवर्षी ही सूट पुढे सरकते. अट एवढीच की गेल्या ३० वर्षांत गाडीत मोठा बदल केलेला नसावा. म्हणजे तुमच्याकडं जितकी जुनी तितकी जास्त चौकशी, इथं जितकी जुनी तितकं सोडून दिलं. सरकारचं म्हणणं असं की या गाड्या कमी चालतात आणि मालक जिवापाड जपतात. पण गाडी धोकादायक अवस्थेत रस्त्यावर आणली तर जबाबदारी मालकाचीच, एमओटी नव्हती ही सबब चालत नाही.

तरी माझ्या ओळखीतले जुन्या गाड्यांवाले बरेच जण आपणहून जाऊन एमओटी करून घेतात, कारण तिथं पास नापास याच्या मधली एक गोष्ट मिळते. तपासणारा ब्रेक रोलरवर किंवा मीटर लावून बघतो, फोर्क, कोनसेट, स्विंग आर्म, चाकाचं अलाइनमेंट बघतो आणि जे आज चालेल पण लवकरच जाणार आहे ते वेगळं लिहून देतो. "पुढचा टायर कडेला चिरायला लागलाय", "स्टिअरिंगला किंचित खेळ" असं. तो कागद मला पासच्या शिक्क्यापेक्षा मोलाचा वाटतो. आणि त्यांच्या सर्टिफिकेटवर स्पष्ट असतं की ही गाडी तपासणीच्या वेळी अशी होती, पुढं मागं कशी असेल त्याचा हा पुरावा नाही. जर्मनीत माझा आतेभाऊ आहे, तिथं ३० वर्षांवरच्या गाडीला एच अक्षराची पाटी मिळते, कर कमी, कौतुक फार, पण दर दोन वर्षांची तपासणी काही सुटत नाही.

तुमच्याकडं असा शेरा लिहून देणारा सरकारी माणूस नाही, मग गॅरेजवाल्या काकांकडून एका पानावर लिहून घ्या ना. तोंडी "सगळं ओके हाय" नको. लिहायचं म्हटलं की मिस्त्री दुसऱ्यांदा वाकून बघतो.

गॅरेज_कट्टा:
बंड्या शेठ, हे शेवटचं बरोबर बोललात, आणि आम्हालाच अडकवलंत. पण हो, लिहून मागा. आमच्याकडं लोक पानटपरीवर हिशोब मागतात पण कामाचा कागद मागत नाहीत.

मिरज_मेल:
सगळ्यांना धन्यवाद, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. मेहुणा आणि मी शनिवारी गाडी मेन स्टँडवर घेऊन बसलो, काकांचं लिखाण मोबाइलवर उघडून समोर विटेवर टेकवून ठेवलं होतं. काय सापडलं ते सांगतो.

कोनसेटला खेळ नाही, मधली खाच पण नाही. स्पोक पुढचे सगळे वाजले, मागं तीन ठस्स. टायर बघून मात्र पोटात गोळा आला, मागच्यावर ०९२१ आहे म्हणजे बरा म्हणायचा, पुढच्यावर ४११० म्हणजे २०१० चा! नक्षी इतकी भारी की मी घेताना त्याचं कौतुक केलं होतं. नख लावलं तर घसरतंय नुसतं. २०२४ च्या पासिंगला हाच टायर होता, मालकांना फोन करून विचारलं, ते म्हणाले हो हो तोच, साहेब म्हणाले होते टायर नवा दिसतोय.

मग ब्रेक. मिसेसनं लिव्हर दाबून धरला आणि आम्ही दोघं खाली वाकलो तर कॅमचा आर्म काटकोनाच्या चांगलाच पलीकडं. मेहुणा काही बोलला नाही, नुसता माझ्याकडं बघत राहिला. चाक काढलं, एका शूचा लायनर एका टोकाला शूपासनं उचललेला, मधे पोस्टकार्ड जाईल एवढी फट, त्यात काळी भुकटी. लिव्हर हाताला एकदम टाइट होता हो, मला तर ब्रेक या गाडीची जमेची बाजू वाटत होती. वडिलांना बोलावून दाखवलं. ते बराच वेळ शू हातात घेऊन बघत होते, मग म्हणाले, "सही करणाऱ्यानं चाक काढलं नसणार."

आता दोन प्रश्न. एक, सहा इंची शू नवीन घ्यायचे की जुन्याच शूवर लायनर मारून घ्यायचा? बाजारात मिळतात त्या शूबद्दल एक जण चांगलं सांगतो, एक जण म्हणतो कॅमकडची बाजू बरोबर बसत नाही. दोन, हे केलं की घाट उतरायला गाडी तयार म्हणायची का?

गॅरेज_कट्टा:
शाब्बास. मेहुण्याला आता चहाबरोबर भजी पण.

शू जुने असतील आणि वाकलेले, चिरलेले नसतील तर त्यावरच लायनर मारून घ्या, रिव्हेटवाला मिळत असेल तर रिव्हेटवाला, ब्रेक लायनिंगचं काम करणारी दुकानं सांगली मिरजेत पण सापडतील, ट्रकचं काम करणाऱ्यांकडं विचारा. पण एक करा, ड्रम पण बरोबर घेऊन जा. इतक्या वर्षांत ड्रम ओव्हल झालेला असतो, चाक फिरवताना एका जागी घासतंय आणि एका जागी मोकळं असं लागत असेल तर तेच. लेथवर हलका हात मारून घ्या आणि लायनर त्या ड्रमच्या मापानं घासून घ्या. नवीन लायनर बसवला म्हणजे ब्रेक आला असं नसतं, सुरुवातीला मधलाच पट्टा टेकतो. खडू घासून बसवा, दोन चार वेळा ब्रेक लावा, परत काढा, खडू कुठं पुसला गेला ते बघा, पुसलं तेवढंच टेकतंय. जिथं उंच आहे तिथं पॉलिश पेपर. कंटाळवाणं काम आहे पण सहा इंची ब्रेकला दुसरा इलाज नाही, तो मुळातच जेमतेम असतो. आर्म मूळ दात्यावर परत बसवायला विसरू नका. नवीन ब्रेक वायर टाका, जुनी आतनं गंजलेली असते, आणि टोकाचा शिशाचा गोळा नीट बघून घ्या. मागचे तीन स्पोक बदला, नुसते ताणू नका. पुढचा टायर आजच काढून टाका, ३.२५ बाय १९ मिळतो सहज, आत ट्यूब आणि रिम टेप नवी.

दुसऱ्या प्रश्नाला, लगेच घाट नाही. शंभर दीडशे किलोमीटर गावात आणि सपाट रस्त्यावर चालवा, ब्रेक बेडिंग होऊ दे, म्हणजे लायनर ड्रमला नीट बसू दे, मग नट बोल्ट परत एकदा आवळा, जुनी बुलेट बोल्ट वाटत जाते रस्त्यानं. त्यानंतर मिसेसना मागं बसवून एकदा रिकाम्या रस्त्यावर ब्रेक मारून बघा, डबलसीट थांबायला किती जास्त जागा लागते ते अंगात बसायला पाहिजे. कुंभार्ली उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, दुसरा म्हणजे दुसरा, डीकॉम्प्रेसर (इंजिनातला दाब सोडणारा लिव्हर) ओढून गाडी सोडायची नाही. ब्रेक सतत घासत ठेवायचा नाही, दाबा आणि सोडा, ड्रमला गार व्हायला वेळ द्या. मधे थांबा, फोटो काढा, ड्रमजवळ हात नेऊन बघा, लावू नका, चटका बसेल. लिव्हर हँडलच्या जवळ यायला लागला तर गाडी बाजूला घेऊन बसा गप, पोफळी येईपर्यंत घाई नाही कुणाला.

धूरविरहित:
आणि ॲम्पिअर मीटरचा काटा बघितला का? सहा व्होल्टवर दिवे लावून इंजिन जरा वाढवलं की काटा अधिककडं यायला पाहिजे. घाटात धुकं असतं संध्याकाळचं, पासिंगला हेडलाइट दिवसाउजेडी "लागला" एवढंच बघतात, रस्ता दिसतो का ते नाही बघत.

मिरज_मेल:
काटा बघितला, येतो अधिककडं पण हेडलाइट म्हणजे समईच. उजेडातच उतरायचं ठरवलंय. शू आणि ड्रम उद्या घेऊन जातोय, लेथवाल्यानं वेळ दिलाय. आणि हो, घरात एक नवीन वाद निघालाय, मिसेस म्हणतात पुढच्या वेळी पासिंगला गाडी नेताना तो सुटलेला लायनर बरोबर घेऊन जा आणि साहेबांना दाखव.

ठोक्यात_ठोका:
वहिनींना सांगा, तेवढं नका करू, साहेब सगळ्यांची चाकं काढायला लावतील. फोटो टाका राव अजून एक पण आला नाही.